बंपरच्या काजळीपायी 3,800 रुपये गेले

आमची सिल्व्हर रंगाची डिझेल हॅचबॅक. सायलेन्सरच्या तोंडावर बंपरला तळहाताएवढा काळा डाग पडायचा. निपाणीला लग्नाला जायचं होतं, म्हणून बेळगावात हायवेलगत नव्यानं उघडलेल्या एका वॉशिंग सेंटरात गाडी घातली.

पोरगं बोलायला गोड. "अण्णा, ही काजळी नव्हे, पेंट जळलाय. तसाच ठेवलासा तर बंपर बदलावा लागंल." त्यानं ओला फडका डागावर चोळून दाखवला. काहीच निघालं नाही. फडका नुसत्या पाण्याचा होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. डिझेलच्या काजळीत अर्धवट जळालेल्या इंधनाचा तेलकटपणा असतो, साध्या पाण्याला ती दाद देत नाही.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे पेंटवर चढवायचा कडक, चकचकीत थर, तीन वर्षं गॅरंटी, 3,800. "बिल पायजे तर 18 टक्के जीएसटी वरती." मी म्हटलं, बिल नको. इथं माझीही हाव नडली. गॅरंटी व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागं पेनानं लिहून मिळाली.

मला चहाला पाठवलं. परत आलो तर फरशी धुवायच्या ॲसिडसारखा वास, कडेला लेबल नसलेला कॅन, आणि बंपर चकचकीत. चाळीस मिनिटांत सगळं झालं. खऱ्या कोटिंगला आधी पॉलिश, मग कित्येक तास सुकणं लागतं, हे नंतर कळलं.

दोन-तीन पाऊस झाले आणि कोटिंग म्हणून वर फासलेलं मेण उतरलं. डागाच्या जागी खरखरीत, मळकट चट्टा. त्यावर नवी काजळीही बसायला लागली! फोन केला तर उत्तर आलं, "गॅरंटी कोटिंगची हाय, धुराची नव्हे."

शेवटी उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रीमामांकडं गेलो. त्यांनी बंपरकडं बघितलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढला, फरशीवर आपटला. तांबड्या मातीचा ढीग पडला. खानापूरच्या कच्च्या रस्त्यावरनं रोजचं येणं-जाणं, दुसरं काय होणार? हवा कमी पडली की डिझेल नीट जळत नाही, धूर काळा येतो. निळा आला असता तर ऑइल जळतंय म्हणायचं, मग खर्च मोठा. सायलेन्सर टांगायचं एक रबरही तुटलेलं, त्यामुळं पाइप तिरका होऊन धूर सरळ बंपरवर. दोन्ही मिळून पाचशेच्या आत काम झालं.

काजळी काढायला मामांनी कोमट पाण्यात कार शाम्पू कालवला, मऊ कापडानं पुसलं, राहिलेलं क्ले बारनं, म्हणजे पेंटला चिकटलेला मळ उचलणाऱ्या मऊ वडीनं. दहा मिनिटं. हॅचबॅकच्या मागं हवा भोवरा घेते, धूर परत बंपरवर येतो. थोडं काळं होणारच, म्हणाले.

चट्टा मात्र पॉलिशनं जात नाही, रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोटच ॲसिडनं खाल्लाय. पेंटर अख्खा बंपर रंगवायचे 2,500 मागतोय. ते कार्ड अजून डॅशबोर्डात आहे. त्यावरचा नंबर आता लागत नाही.