डेटा डिस्क काढून ठेवावी की जोडलेलीच राहू द्यावी?

अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या प्रकाशकाच्या सर्व्हरवर नव्याने उबुंटू (लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचं असेल आणि कामाच्या फायली वेगळ्या डेटा डिस्कवर असतील, तर माझा कौल स्पष्ट आहे: मशीन बंद करा, डेटा डिस्कची केबल काढा, मगच इन्स्टॉलर सुरू करा. जी डिस्क दिसतच नाही, ती चुकून फॉरमॅट होणार नाही.

सर्व्हर दूर डेटा सेंटरमध्ये असेल तर मात्र डिस्क जोडलेलीच ठेवावी लागते. तिथे लिनक्स डिस्कना देतं त्या ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर विसंबू नका, रीबूटनंतर ती बदलू शकतात. आकार आणि सिरियल नंबर जुळवूनच डिस्क निवडा.

काढलेली डिस्क परत जोडली की पुढचं काम दोन्हीकडे सारखंच. डेटा डिस्कचा यूयूआयडी (तिची न बदलणारी खास ओळख) बघून एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या फाइलमध्ये, ‘नोफेल’सह (डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू व्हावं, असं सांगणारा पर्याय) ओळ टाका. जुन्या युजरचा यूआयडी (सिस्टीम युजरला ओळखते तो क्रमांक) 1001 असेल तर नव्यालाही तोच द्या, नाहीतर फायली समोर दिसूनही परवानगी नाकारली जाते. बॅकअप अर्थातच आधी, कुठलाही मार्ग घ्या.