वीस गुणांसाठी हजेरी: सतरा नंबर की एनआयओएस?

नोकरी सांभाळून मुंबईत दहावी करायची म्हटली की दोनच नावं ऐकू येतात. राज्य मंडळाचा सतरा नंबर फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसा, नाहीतर एनआयओएस, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयातून करा. मी प्रभादेवीला एका छापखान्यात मशीनवर असतो, राहायला भांडुप. शाळा नववीत सुटली. पहिल्यांदा सतरा नंबर भरला होता, पास झालो ते एनआयओएसमधून. म्हणजे दोन्हीकडचं थोडं थोडं पाणी प्यायलोय, एवढ्याच अधिकारावर सांगतो.

ज्यांना संध्याकाळी साडेसहापर्यंत मोकळं होता येतं त्यांनी पुढचं वाचायचीही गरज नाही, सरळ रात्रशाळेत जावं. गिरणी कामगारांच्या काळापासून या शहरात त्या चालत आल्यात, समोर शिकवायला माणूस असतो आणि परीक्षा राज्य मंडळाची नेहमीचीच. आमची पाळी साडेआठला संपते, त्यामुळे तो रस्ता मला बंद होता.

सतरा नंबरची जमेची बाजू खरंच मोठी आहे. पुस्तकं बालभारतीची. दादरला कुठल्याही दुकानात ‘एकवीस अपेक्षित’ मागा, हातात पडतं. घरात किंवा चाळीत कुणीतरी दहावीला असतंच, त्याच्या वह्या मिळतात, क्लासच्या नोट्स मिळतात. एनआयओएसचं पुस्तक मराठीत आहे, पण गाइड मागितलं तर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. अभ्यास तुमचा तुम्हीच करायचा. खर्चही सतरा नंबरला कमी. आणि निकालावर राज्य मंडळाचं नाव असलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

मग मी तो सोडला का? कारण वीस गुण.

लेखी ८० आणि अंतर्गत २० हे सगळ्यांना माहीत असतं. खाजगी विद्यार्थ्याचे ते वीस गुण संपर्क केंद्राच्या हातात असतात, म्हणजे फॉर्म भरताना तुम्ही निवडलेल्या शाळेच्या. मी निवडलेली शाळा घराजवळची होती, म्हणून आधी बरं वाटलं. पण कार्यालयाची खिडकी अकरा ते एक. त्या वेळी मी मशीनवर. गृहपाठाच्या वह्या घेऊन अर्धी रजा टाकून गेलो, तर मराठीच्या बाई सकाळच्या सत्रात, त्या घरी गेलेल्या. विज्ञानाचे सर दुपारच्या सत्रात, ते अजून आलेले नाहीत. क्लार्कने तपकिरी कव्हर घातलेल्या वह्यांवर नजर टाकली आणि म्हणाला, “ठेवू नका इथे, हरवतील. सोमवारी या.” तोंडीची तारीख फोनवर कळवतो म्हणाले होते. ती लागली फाटकाच्या आतल्या फळ्यावर, आणि मला कळली एका पोराच्या आईकडून, तोंडी होऊन गेल्यावर. सगळ्या शाळा अशा असतील असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाला इतकी चांगली शाळा मिळाली की बाईंनी त्याला रविवारी बोलावून प्रात्यक्षिकं करून घेतली. पण निवडलेली शाळा कशी निघणार हे आधी कळत नाही, आणि आमच्या शेठना “गुणांसाठी रजा” हे कारण किती वेळा पटवणार?

एनआयओएसलाही वीस टक्के गृहपाठाचे असतात, त्याला टीएमए म्हणतात. फरक इतकाच की प्रश्न साइटवरून उतरवायचे, हाताने उत्तरं लिहायची, मोबाइलने फोटो काढून पीडीएफ करायची आणि चढवायची. रात्री जेवणं उरकली की ओट्याजवळच्या ट्यूबखाली मी पानं मांडायचो. मोबाइलची सावली पानावर पडायची, फाइल मोठी व्हायची, पुन्हा लहान करायची. वैताग होताच, पण तो माझ्या घरातला, माझ्या वेळेचा. रजा लागली नाही. गणित, विज्ञान, गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री अशा विषयांना मात्र प्रात्यक्षिक आहे आणि त्यासाठी केंद्रावर जावं लागतं. ज्याला रजेचीच अडचण आहे त्याने विषय निवडतानाच हे बघावं.

विषयांचं म्हणाल तर इथे मोकळीक आहे. राज्य मंडळात सहा विषय, त्यात गणित आणि इंग्रजी टळत नाही. एनआयओएसला पाच पुरतात, त्यातली एक भाषा हवीच, दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. गणित सक्तीचं नाही. पासाला ३३ टक्के, तिकडे ३५. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे दोन विषय आत्ता, तीन पुढच्या वेळी असं करता येतं. पूर्वी दहावी नापास असाल तर पास झालेल्या विषयांपैकी जास्तीत जास्त दोन इकडे धरले जातात, तेही मुदतीत असले तर. मराठी माध्यमात सगळेच विषय मिळतात असं समजू नका, माध्यमाचा रकाना आधी वाचा.

कागदांचंही एक आहे. सतरा नंबरला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, नसेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. गावची शाळा कोकणात किंवा साताऱ्याकडे असेल तर एसटीचं तिकीट हिशेबात धरा. उलट, मंडळात काही अडलं तर विभागीय कार्यालय वाशीला, हार्बरने जाऊन येता येतं. एनआयओएसचं महाराष्ट्राचं कार्यालय पुण्याला आहे. म्हणून नावाचं स्पेलिंग फॉर्म भरतानाच आधारशी ताडून घ्या.

“हे कुठलं बोर्ड?” हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार, मलाही विचारला. १९८९ पासून चालू आहे, २००२ मध्ये आजचं नाव मिळालं, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली येतं आणि दहावी म्हणून मान्य आहे, एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी भागतं.

माझा पुतण्या एकोणीसचा, सकाळी रिकामा, डिप्लोमा करायचा म्हणतो. त्याला मी सतरा नंबरच सांगितला, कारण डिप्लोमाच्या अभ्यासात गणित-विज्ञान लागतंच आणि वह्या घेऊन शाळेत फिरायला त्याच्याकडे वेळ आहे. पाळीवर जाणाऱ्या, चाळिशीकडे झुकलेल्या कुणी विचारलं तर मी एनआयओएस म्हणेन. फॉर्ममध्ये पाचावर आणखी दोन विषय घेता येतात, त्यात गणित टाकून ठेवा. सुटलं तर पुढे कामाला येईल, नाही सुटलं तरी बाकीच्या पाचांवर पास आहातच.