कमाटी बागेतील प्राण्यांच्या खाण्याची वेळ आणि प्राणिरक्षकांचे बोलणे

वडोदऱ्यातील एका हौशी निसर्गप्रेमी मंडळाने सयाजीबागेच्या, म्हणजे आपल्या कमाटी बागेच्या प्राणिसंग्रहालयात सभासदांच्या कुटुंबांसाठी एक उपक्रम आखला होता. प्राण्यांना खाणे दिले जात असताना ते पाहायचे आणि त्यांची देखभाल करणाऱ्या माणसांकडून त्यांच्याविषयी ऐकायचे, असे त्याचे स्वरूप होते. घरातील लहान-थोर सर्वांना घेऊन जावे असा हा उपक्रम आहे, यात मला शंका नाही. मात्र त्याची खरी किंमत प्राणिरक्षकांच्या बोलण्यात आहे आणि आयोजकांनी नेमका त्यालाच कमी वेळ दिला, ही माझी मुख्य तक्रार आहे.

सुरुवात वाघाच्या पिंजऱ्यापासून झाली, कारण गर्दीला आधी वाघच हवा असतो. वाघाने मांसाचा तुकडा उचलला, आडोशाला नेला आणि मुलांना दिसली ती फक्त पाठ. त्यामुळे काहींचा हिरमोड झाला. पण जंगलात वाघाला रोज शिकार मिळत नाही, म्हणून प्राणिसंग्रहालयांतही त्याला आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवण्याची पद्धत आहे, आणि हाडासकट मांस दिल्याने त्याचे दात व जबडा चांगले राहतात, हे रक्षकांनी सांगितले तेव्हा तीच मुले शांतपणे ऐकू लागली. पाणघोड्यापुढे गवताचे भारे पडले तेव्हा गर्दी पुन्हा पुढे सरकली. एवढ्या अवाढव्य देहाचा हा प्राणी मुळात रात्री चरणारा आणि जवळजवळ पूर्ण शाकाहारी आहे, त्याच्या कातडीतून पाझरणारा तांबूस द्रव रक्त नसून उन्हापासून संरक्षण देतो, हे ऐकून माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजींनी ‘अगबाई!’ म्हटले. ती दाद योग्य ठिकाणी पडली होती.

सर्वांत मोलाचा भाग मगरींचा होता. या बागेतून विश्वामित्री वाहते आणि त्या नदीत मगरी मोकळ्या राहतात. दांडिया बाजारातले मूल शाळेत जाताना पुलावरून जी पाहते, तीच ही भारतीय मगर. पावसाळ्यात पाणी चढले की ती वस्तीत येते, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहराने हे पुरेसे अनुभवले. म्हणून इथे मिळणारी माहिती करमणुकीपुरती नाही, ती आपल्या रोजच्या जगण्याची आहे.

एका मुलाने विचारले, “काका, ही आ वासून कोणाला घाबरवते?” रक्षक म्हणाले, “कोणालाच नाही बेटा, तिला घाम येत नाही. अंग तापले की ती तोंड उघडून गारवा घेते.” पुढे त्यांनी समजावले की मगरीचे रक्त बाहेरच्या तापमानाप्रमाणे थंड किंवा गरम होत असल्याने थंडीत तिचे पचन मंदावते आणि ती फार कमी खाते. तिला चावून खाता येत नाही, त्यामुळे लहान घास ती सबंध गिळते आणि मोठा असेल तर झटके देऊन तोडते. जबडा मिटण्याचे स्नायू प्रचंड ताकदीचे असले तरी उघडण्याचे दुबळे असतात, म्हणूनच मगर पकडणारे स्वयंसेवक आधी तिचे तोंड दोरीने किंवा पट्टीने बांधतात. मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठावर खड्डा करून अंडी घालते आणि घरट्याची राखण करते, तेव्हा त्या दिवसांत नदीकाठच्या झाडोऱ्यात शिरू नये, हा त्यांचा इशारा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. घरट्यातील उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, हे सांगेपर्यंत आयोजकांनी घड्याळ दाखवून सर्वांना पुढे हाकलले. विचारायचे प्रश्न मुलांच्या ओठांवरच राहिले.

आखणीतील इतर उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. गट एवढा मोठा होता की मागच्या रांगेतील ज्येष्ठांना काही ऐकू येत नव्हते, आणि त्यावर उपाय म्हणून आणलेला हातातला भोंगा पिंजऱ्यांजवळ कर्कश वाजत होता. प्राणिसंग्रहालयात गोंगाट करून प्राण्यांना त्रास देणे, त्यांना चिडवणे किंवा खायला घालणे यांस वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार मनाई आहे. असे असताना काही पालक वेफर्सच्या पुड्या मुलांच्या हाती देऊन कठड्याशी उभे होते, आणि त्यांना कोणी हटकले नाही. ज्या उपक्रमाचा विषयच प्राण्यांचे खाणे आहे, त्याची पहिली पाच मिनिटे या नियमावर खर्च व्हायला हवी होती.

बोलणे गुजराती आणि हिंदी अशा मिश्रणात झाले. वडोदऱ्यातील मराठी घरांना गुजराती परकी नाही, त्यामुळे आम्हाला काही अडले नाही, पण पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांसोबत जाणाऱ्यांनी दुभाष्याचे काम स्वतः करण्याची तयारी ठेवावी. ऐन थंडीत गेल्यास मगरी खाताना दिसण्याची आशा थोडी असते, म्हणून होळीनंतरची सकाळ निवडावी, ऊन चढण्याआधी पोहोचावे आणि शक्य असल्यास मगरींच्या तलावापाशी सर्वांत आधी जावे. पंधरा-वीस जणांचा गट करून, भोंगा न आणता आणि रक्षकांना घाई न करता हाच उपक्रम पुन्हा घेतला, तर मी शेजारच्या दोन घरांनाही सोबत घेऊन जाईन.