ड्यूक ३९० ला पुढे १४ दात्यांचं स्प्रॉकेट: रस्ता, घाट आणि क्वार्टर माइलचा अनुभव

जुन्या ३७३ सीसीच्या केटीएम ड्यूक ३९० ला कंपनीकडून चेनच्या दातेरी चकत्यांना, म्हणजे स्प्रॉकेटना, पुढे १५ आणि मागे ४५ दाते येत, म्हणजे शेवटचं रिडक्शन बरोबर ३: पुढची चकती तीनदा फिरली की मागचं चाक एकदा. पुढे १४ चं स्प्रॉकेट टाकलं की ते ३.२१ होतं, साधारण ७ टक्के जास्त. चारचाकीत एवढा फरक पाडायला डिफरन्शियल उघडून क्राऊन-पिनियन बदलावं लागतं, इथे एका छोट्या चकतीवर भागतं. म्हणूनच आपल्याकडे संभाजीनगर असो की लातूर, 'पिकअप वाढवायचंय' म्हटलं की पहिला सल्ला १४ चाच मिळतो. उन्हाळा, पावसाळा आणि उसाचा हंगाम असं सगळं झाल्यावर माझं मत असं: रस्त्यासाठी सल्ला बरोबर, ड्रॅगसाठी, म्हणजे उभ्या गाडीपासून सुरू होणाऱ्या सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, बहुतेक वेळा चुकीचा.

आधी रस्त्याचं. हे इंजिन खालच्या आरपीएमला खुश नसतं, चार हजारांच्या खाली लोड दिला की झटके देतं. कंपनी सेटिंगवर तिसऱ्या गिअरमध्ये चार हजार आरपीएमला वेग साधारण ४० असतो, १४ वर तो ३८ च्या आत येतो. आकडा किरकोळ वाटेल, पण जालना रोडच्या गर्दीत दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा हे जे चालू असतं ते बरंच कमी होतं. क्लचही कमी धरावा लागतो. खरा उपयोग उसाच्या हंगामात कळतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर हळू चाललेला असतो आणि समोरची मोकळी जागा थोडीच असते. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल दिला की गाडी लगेच उचलते, एक गिअर आणखी खाली यायची गरज पडत नाही. कन्नडच्या घाटात वळणातून बाहेर पडताना हाच फायदा.

किंमत मोजावी लागते ती हायवेला. सहाव्या गिअरमध्ये १०० ला आधी ५,८०० च्या आसपास असणारं इंजिन आता ६,२५० ला फिरतं. हँडलची कंपनं वाढतात, पेट्रोल थोडं जास्त लागतं. बीड-सोलापूर असा लांबचा प्रवास नेहमीचा असेल तर १५ च ठेवा. समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळे तासन् तास एकाच वेगाने पळवायची सोय आपल्या भागात तशीही कमी.

आता ड्रॅग. इथे अंदाजाने नाही, गणिताने ठरवायचं. ताशी वेग = आरपीएम × मागच्या चाकाचा घेर (मीटरमध्ये) × ०.०६ ÷ (प्रायमरी × गिअर × फायनल). या मॉडेलचं प्रायमरी, म्हणजे इंजिन ते क्लच हे पहिलं रिडक्शन, २.६६७; फायनल म्हणजे वर सांगितलेलं स्प्रॉकेटचं शेवटचं. गिअर पहिल्यापासून २.६६७, १.८५७, १.४२१, १.१४३, ०.९५७ आणि ०.८४. मागच्या १५०/६० १७ टायरचा घेर हिशेबाने १.९२ मीटर येतो. तरी प्रत्यक्ष मोजाच: टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करा, चालवणाऱ्याला बसवा, एक पूर्ण फेरा ढकला आणि टेप लावा. झिजलेला टायर आणि कमी हवा यामुळे घेर थोडा कमीच भरतो.

दहा हजार आरपीएमला गिअर बदलायचा असं धरलं तर १५/४५ वर पहिला ५४ ला संपतो, दुसरा ७७ ला, तिसरा १०१ ला, चौथा १२६ ला, पाचवा १५० ला. १४/४५ वर हेच आकडे ५०, ७२, ९४, ११७ आणि १४० होतात. गोम इथे आहे. कंपनी सेटिंगवर शंभरी तिसऱ्यातच गाठता येते; १४ वर ९४ लाच चौथा टाकावा लागतो. ९५ ला तिसऱ्यातलं एकूण रिडक्शन ११.४ असतं, तिथे १४ वर चौथ्यातलं ९.८ मिळतं. इंजिन तेव्हा आठ हजारांवर जोमात ओढतं, त्यामुळे तो तोटा बराचसा भरून निघतो. भरून निघत नाही तो गिअर बदलण्यात जाणारा वेळ. पाव सेकंद धरला तरी त्या वेगाला गाडी साडेसहा मीटर जोराविना जाते. क्वार्टर माइलला, म्हणजे ४०२ मीटरला, रेषेवर ही गाडी १४०-१४५ च्या घरात असते. १५ वर ती पाचव्यात रेषा ओलांडते, १४ वर ऐन शेवटी सहावा टाकावा लागतो. रेषेच्या तोंडावर गिअर टाकण्याइतकं वाईट काही नाही.

स्टार्टलाही फार मिळत नाही. पहिल्या गिअरमध्ये मुळातच एवढा जोर आहे की अडचण पुढचं चाक उचलण्याची आणि क्लच सोडण्याची असते, जोर कमी पडण्याची नाही. सात टक्के वाढवले की क्लच आणखी सांभाळून सोडावा लागतो.

ड्रॅगसाठी काही बदलायचंच असेल तर मागे एक दाता वाढवा. पुढचा एक दाता म्हणजे मागचे जवळपास तीन, त्यामुळे बारीक फरक मागूनच साधतो. १५/४६ वर पाचवा १४७ पर्यंत जातो, म्हणजे रेषा पाचव्यातच. ४७ वर तो १४४ ला संपतो आणि गणित काठावर येतं. हे सगळं धावपट्टीसाठी, अ‍ॅम्बी व्हॅलीत झालेल्या व्हॅली रनसारख्या परवानगीच्या स्पर्धेसाठी. बीड बायपासवर शर्यत लावाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे: पहिल्यांदाच तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या रस्त्यावर बैलगाड्याही असतात.

बसवताना पुढच्या स्प्रॉकेटची पकड आधी ढिली करायची, चेन जागेवर असतानाच, गाडी गिअरमध्ये टाकून आणि दुसऱ्याने मागचा ब्रेक दाबून. आधी चेन काढली तर शाफ्ट फिरत राहतो आणि मग लोक छिन्नी-हातोडा घेतात. कव्हरखाली ग्रीस आणि मातीचा थर असतो, तो पूर्ण काढा. बसवताना थ्रेड लॉकर (आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) लावा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच आवळा. जुन्याच चेनवर १४ टाकलं की चाक सुमारे ४ मिलिमीटर मागे घ्यावं लागतं. मागे ४६ टाकलं तर तेवढंच पुढे. ४७ ला ८ मिलिमीटर पुढे, म्हणून आधी अ‍ॅडजस्टरला जागा आहे का बघा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, आणि ताण तपासताना चाक फिरवून चेन जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे मोजा.

झीज जास्त होते हे मान्य करूनच १४ घ्या. लहान स्प्रॉकेटवर चेनची कडी जास्त दुमडते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांडीवरच्या) रबरी पट्टीला चेन जास्त घासते, ती पट्टी मधूनमधून बघत जा. आणखी एक: चेनच्या कड्या सम संख्येत असतात, त्यामुळे १४ सारख्या सम दात्यांवर एक दाता कायम आतल्या कडीला आणि शेजारचा कायम बाहेरच्या कडीला भिडतो. १५ वर ते आलटून पालटून होतं. म्हणून १४ वर एकाआड एक दाते वेगळे झिजलेले दिसतात. तपासताना शेजारशेजारचे दोन दाते बघा. पावसाळ्यात काळी माती चेनवर सुकली की ब्रशने खरवडू नका, आधी पाण्याने भिजवा, मग रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, त्याने एक्स-रिंगचं, म्हणजे चेनच्या कड्यांमधलं वंगण आत धरून ठेवणाऱ्या कड्यांचं, रबर खराब होतं. पुसून, वाळवून ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे, दर ५०० किलोमीटरला, आणि चिखलातून आल्यावर त्याच दिवशी.