संग्रहालयातली प्रदर्शनं, व्याख्यानं, मुलांच्या कार्यशाळा: जून ते जानेवारी वापरून

आधी निकाल. मुंबई, पुणे आणि कोल्हापूरकडच्या संग्रहालयांचे कार्यक्रम आठ महिने नेमाने गाठल्यावर हिशेब असा निघतो: फिरती प्रदर्शनं पैसे वसूल, मुलांच्या कार्यशाळा निवडून घेतल्या तर उत्तम, व्याख्यानं निम्मी वाया. यातलं बरंचसं वाया जातं ते एकाच कारणाने. कार्यक्रम एकीकडे आणि ज्या वस्तूबद्दल तो आहे ती दुसरीकडे, अशी फारकत असते. ती मोडायची जबाबदारी येणाऱ्यावरच पडते.

माहिती मिळवण्यापासून त्रास सुरू होतो. वेबसाइटवरचं ‘आगामी कार्यक्रम’ हे पान कित्येक ठिकाणी संपलेल्या कार्यक्रमांचं असतं. खरी घोषणा इन्स्टाग्रामच्या स्टोरीत होते आणि ती चोवीस तासांत गायब. सगळ्यात भरवशाचा उपाय जुनाच आहे: तिकीट खिडकीशेजारचा फलक बघा आणि कार्यालयात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी फोन करा. फोनवर तीन गोष्टी नेमक्या विचारायच्या: नोंदणी लागते का, मुलांसोबत मोठ्यांना आत बसू देतात का, आणि कार्यक्रमाच्या तिकिटात दालनाचं तिकीट धरलंय का. तिसरा प्रश्न राहिला की दारात दुसरी रांग लागते. काही तारखा मात्र दरवर्षी ठरलेल्या असतात. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह, शिवाय दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी. कार्यशाळांची गर्दी याच दिवसांभोवती असते. साप्ताहिक सुट्टीचाही घोळ होतो. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद, पण भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी.

प्रदर्शनांबद्दल पहिली तक्रार हमखास ऐकू येते ती अंधाराची. ‘एवढे पैसे घेतात, दिवे का लावत नाहीत?’ कापड, लघुचित्रं, हस्तलिखितं यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश टाकायचा नाही असा दंडक आहे, कारण रंग उडतो आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतं. म्हणून उन्हातून येऊन थेट पैठणीच्या किंवा लघुचित्रांच्या दालनात शिरू नये. आधी दगडी मूर्ती बघाव्यात, डोळे पाच-दहा मिनिटांत सरावतात, मग कापडाकडे वळावं. मोबाइलचा टॉर्च लावला तर रखवालदार ओरडतो आणि बरोबरच करतो. या प्रकाशाच्या हिशेबाचा एक फायदाही आहे. लांबलेल्या प्रदर्शनात कागदावरच्या आणि कापडाच्या वस्तू मध्येच बदलतात, त्यामुळे त्याच प्रदर्शनाची दुसरी फेरी फुकट जात नाही. बदल कधी होणार ते दालनातल्या माणसाला विचारलं की सांगतात, फलकावर मात्र लिहीत नाहीत.

बाहेरून उसन्या आलेल्या वस्तूंचं गणित वेगळं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या करारावर आली. जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्यात मांडली आणि पुढे नागपूरला गेली. अशा वस्तूचा मुक्काम करार ठरवतो, गर्दी नाही, त्यामुळे ‘मुदत वाढेल, पुढच्या महिन्यात जाऊ’ असं म्हणणाऱ्यांची निराशा होते. एका वस्तूच्या प्रदर्शनात काचेसमोर उभं राहायला मिनिटभरही मिळत नाही. म्हणून रांगेत असतानाच भिंतीवरचा मजकूर वाचून घ्यावा, काचेसमोर फक्त बघावं. मजकूरही चिकित्सकपणे वाचावा. ही वाघनखं साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून त्या संग्रहालयात गेली. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खातरजमा करता येत नाही, असं खुद्द ते संग्रहालयच सांगतं. मुलांना हा मुद्दा सांगितला की ती कंटाळत नाहीत, उलट ‘मग कळणार कसं?’ म्हणून खोदून विचारतात.

आता व्याख्यानं. संध्याकाळी साडेपाच-सहाची वेळ असते आणि दालनं तोवर बंद होत आलेली असतात. म्हणजे वक्ता तासभर ज्या मूर्तीबद्दल बोलणार, ती व्याख्यान संपल्यावर बघता येत नाही. दीड-दोन तास आधी पोचून वस्तू पाहून घेणं आणि मग सभागृहात बसणं, याला पर्याय नाही. ज्यांनी मूर्तीचा तुटलेला हात आधी पाहिलेला असतो, त्यांनाच ‘हा हात नंतर जोडलाय’ या वाक्याची मजा कळते. लहान शहरांत आणखी एक अडचण आहे: स्वागत, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय. सहाचं व्याख्यान साडेसहाला सुरू होतं आणि वेळ कापली जाते ती वक्त्याची, अध्यक्षांची नव्हे. शेवटच्या दहा स्लाइड पळवत नेल्या जातात आणि ताजं संशोधन नेमकं त्यांतच असतं. अभिरक्षकाने (संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटरने) दालनात उभं राहून घडवलेली फेरी जाहीर झाली, तर तिच्यासाठी दोन व्याख्यानं सोडली तरी चालेल. गटात पंधरा-वीसच्या वर माणसं असली की मागच्यांना काही ऐकू येत नाही, तेव्हा पुढे राहावं आणि छोट्या वस्तूंच्या कपाटापाशी आधीच जागा धरावी.

मुलांच्या कार्यशाळांत सगळ्यात उजवी ब्राह्मी लिपीची. दीड तासात नाव लिहिता येतं. क म्हणजे अधिकचं चिन्ह, र म्हणजे एक उभी रेघ, ठ म्हणजे गोल आणि त्यात टिंब दिलं की थ. काना म्हणजे अक्षराच्या डोक्याशी उजवीकडे काढलेली छोटी आडवी रेघ. गाडी अडते जोडाक्षरापाशी. ‘तन्मय’मधले न आणि म शेजारी नाही, एकाखाली एक येतात, न वर आणि म खाली. घाईच्या कार्यशाळेत हे सांगायचं राहतं आणि पोरगं ‘तनमय’ लिहून घरी येतं. दुसरी चूक तक्त्याची. वाटतात तो तक्ता बहुधा अशोकाच्या काळचा असतो. तो घेऊन कुटुंब नाशिकच्या पांडवलेण्यांत गेलं की निम्मी अक्षरं जुळत नाहीत, कारण मधल्या तीन-चारशे वर्षांत त्यांची वळणं बदललेली असतात. तक्ता कुठल्या शतकाचा आहे हे विचारून त्यावर लिहून ठेवावं. मुंबईत शिकलेल्या मुलांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहातला सोपाऱ्याचा (आजचं नालासोपारा) कोरीव दगडाचा तुकडा जरूर दाखवावा. १८८२ साली पुराविद भगवानलाल इंद्रजींना मिळालेला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा हा भाग. सकाळी शिकलेला क दुपारी दगडावर ओळखता आला की पुढचं काही समजावावं लागत नाही.

मातीकामाला शाडू असेल तर मुलामागे अर्धा किलो पुरतो. वीतभर लांबीचा हत्ती करायला घेतला की जाड पोट आणि बारीक पाय वेगवेगळ्या वेगाने वाळतात आणि सांध्यात तडा जातो. पोट आतून पोकळ करावं, जाडी बोटाएवढीच ठेवावी, जोडताना दोन्ही बाजूंना चिरा पाडून पातळ शाडूचा लेप लावावा, आणि सावलीत दोन-तीन दिवस वाळवावं. घरून पुठ्ठ्याचा खोका न्यायचाच. प्लास्टिकच्या पिशवीतून नेलेला हत्ती रिक्षातच बसतो. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांच्या माणसांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. माती हातात घेण्याआधी त्यांची बोटं आणि पगड्यांच्या घड्या बघून घेतल्या तर कामात फरक पडतो.

कार्यशाळा नसली तरी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एका कपाटावर तास निघतो. तिथले अडकित्ते बघा. मुलाला कागद-पेन्सिल द्या आणि तीनच प्रश्न घाला: पातं कुठल्या दांड्याला आहे, खिळा कुठे आहे, आणि सुपारी नेमकी कुठे ठेवायची? घोडा, पोपट, माणसांच्या जोड्या असे आकार इतके नटवलेले असतात की मोठी माणसंही पातं शोधताना चुकतात. खिळा सुपारीच्या जागेला जितका जवळ, तितका जोर कमी लागतो, हे चित्र काढतानाच मुलांच्या लक्षात येतं. मग शेजारच्या वज्रीकडे न्यावं आणि ‘ही कशाची?’ विचारावं. पाय घासायची आहे हे आजीशिवाय कोणी ओळखत नाही. संपूर्ण संग्रहालय एका दिवसात उरकायचा हट्ट मात्र धरू नये. तिसऱ्या दालनानंतर मुलं फक्त जिने मोजतात.

लहान गावांची संग्रहालयं कार्यक्रमांत कमी, वस्तूंत भारी. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीत पाँपेई या प्राचीन रोमन शहरात सापडलेल्या प्रतिमेशी नातं सांगते. दोन्हीकडे रोमन व्यापाराची एकच गोष्ट आहे, पण ती जोडून सांगणारा फलक किंवा माहितीपत्रक सहसा हाती पडत नाही. जाताना भूमध्य समुद्रापासून कोकणाच्या बंदरांपर्यंतचा एक साधा नकाशा छापून न्यावा आणि काचेसमोरच उघडावा. तेरला निघण्यापूर्वी फोन करून दालन उघडं आहे ना, आणि वीज आहे ना, हे दोन्ही विचारावं.