तांब्याची म्हणून घेतलेली जाळी

पुदिन्याचे कच्चे तेल पाण्याच्या वाफेवर पुन्हा एकदा ऊर्ध्वपातित केले, म्हणजे त्याची वाफ करून ती थंड करत पुन्हा द्रव केली, की त्यातील डायमिथाइल सल्फाइडसारखी गंधकयुक्त, अवघ्या ३७ अंश सेल्सिअसला उकळणारी दुर्गंधी द्रव्ये आधी निघून जातात आणि मागे स्वच्छ वासाचे तेल उरते. या कामासाठी मी घरी एक लहान उभा कॉलम बसवला आहे. त्याच्या नळीत विणलेल्या तारेची जाळी गुंडाळून भरली, की वर चढणारी वाफ आणि खाली परतणारा द्रव यांची जाळीच्या ओल्या पृष्ठभागावर पुन्हा पुन्हा गाठ पडते आणि हलके व जड घटक अधिक नीट वेगळे होतात. तांबे गंधकाच्या अनेक संयुगांना धरून ठेवते, म्हणून मला जाळी तांब्याचीच हवी होती, आणि नेमकी तिथेच माझी फसवणूक झाली.

विक्रेत्याने जाळी ९९.९ टक्के शुद्ध तांब्याची असल्याचे सांगून सोबत एक प्रमाणपत्र दिले. ते मी बारकाईने वाचायला हवे होते, कारण त्यात तारेचा उल्लेखच नव्हता. ते तांब्याच्या पट्टीचे होते. रंग लालसर, चकाकी उत्तम, विणही एकसारखी, त्यामुळे मला शंका आली नाही. कोमट पाण्यात थोडे सायट्रिक ॲसिड घालून जाळी धुतली, वाळवली आणि कॉलममध्ये भरली.

पहिली खेप ठीक गेली. ओली जाळी रात्रभर नळीतच राहिली आणि सकाळी तिच्यावर तपकिरी ठिपके दिसले. तांबे काळवंडतेच, हे ठाऊक असल्याने मी तिकडे दुर्लक्ष केले. दुसऱ्या खेपेत मात्र कॉलम तुंबला. जाळीतून सुटलेल्या कपच्या तळाच्या आधारजाळीवर साचल्या होत्या, खाली उतरणारा द्रव वाफेने अडवून धरला होता आणि नळीतून गुडगुड आवाज येऊन पाणी उसळत वरच्या टोकापर्यंत आले. बाहेर जाणारा मार्ग मोकळा असल्याने आच बंद करताच दाब उतरला. तो मार्ग बंद झाला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. गोळा झालेल्या तेलाला गंजाचा वास लागला होता. ते सगळे टाकून द्यावे लागले.

जाळीला चुंबक लावले, तर ती झटकन चिकटली. आत लोखंडी तार होती आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. मुलाम्याला सूक्ष्म छिद्रे असली आणि तिथे ओल पोहोचली, तर तांब्याच्या संगतीत लोखंड एरवीपेक्षा लवकर गंजते. कॉलममध्ये ही ओल सतत असते.

तक्रार केल्यावर "वापरलेला माल परत घेत नाही" असे उत्तर मिळाले. बरीच हुज्जत घातल्यावर दुसरी गुंडाळी आली. तिला चुंबक चिकटले नाही. मी निश्चिंत झालोच होतो, पण या वेळी घाई केली नाही. जाळीचे १०० ग्रॅम वजन करून ती मोजपात्रातील पाण्यात बुडवली, तारांत अडकलेले बुडबुडे सुटावेत म्हणून पाण्यात साबणाचा थेंब टाकला आणि पातळी किती चढते ते पाहिले. तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम असल्याने पाणी सुमारे ११ मिलिलिटर चढायला हवे होते. ते चढले ३६! ॲल्युमिनियमची घनता २.७ असते आणि आकडा जवळजवळ त्याच हिशेबाचा होता. तार कापल्यावर आतला भाग पांढराशुभ्र निघाला. वरून फक्त तांबूस रंग चढवलेला होता.

म्हणून दोन्ही चाचण्या करा, एकीवर थांबू नका. लोखंडाची घनता ७.८७, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे १३ मिलिलिटर. घरच्या मोजपात्रात हा फरक नजरेतून सहज निसटतो, तिथे चुंबकच उपयोगी पडते. ॲल्युमिनियमला चुंबक पकडू शकत नाही, त्याला पाणी पकडते. पितळ या दोन्हींतून निसटू शकते, पण त्याचा पिवळेपणा ताज्या कापलेल्या टोकावर दिसतो.

हे सारे जाळी धुण्यापूर्वी आणि तापवण्यापूर्वी करावे, कारण एकदा ती कॉलममध्ये गेली की विक्रेत्याच्या दृष्टीने व्यवहार संपतो. आता मी आधी मूठभर नमुना मागवतो, प्रमाणपत्रावर विणलेल्या तारेचाच उल्लेख आहे का ते पाहतो, आणि पाकीट उघडल्यापासून मोजपात्रातील पातळीपर्यंतची छायाचित्रे बिलासोबत ठेवतो. पहिल्या गुंडाळीचे पैसे मला अजून परत मिळालेले नाहीत.