दादाची दारू, आठ महिने आणि ठाण्यातली शोधाशोध

आठ महिने झाले म्हणून आता लिहितेय. खरं तर सप्टेंबरातच लिहिणार होते, दादा व्यसनमुक्ती सेंटरमधून घरी आला तेव्हा. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच स्टार दिले असते आणि डिसेंबरात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या, त्यामुळे राहून गेलं ते बरंच झालं.

दादा 46 चा, वागळे इस्टेटमध्ये टर्नर, लेथवर हात बसलेला माणूस. माहेर कळव्यात, माझं सासर ऐरोलीत. दारू पंधरा-वीस वर्षांची, आधी फक्त शनिवारची, मग रोजची क्वार्टर, मग सकाळी हात थरथरतो म्हणून चहाच्या आधी दोन घोट. घरात सगळ्यांना माहीत आणि बोलायचं कोणीच नाही. वहिनी फ्लशच्या टाकीतून बाटल्या काढून गुपचूप भंगारात द्यायची, तो भंगारवालाही इतका ओळखीचा झालेला की एखाद्या महिन्यात कमी निघाल्या तर विचारायचा, साहेब गावाला गेलेत का म्हणून.

आता आमची मोठी चूक, ती आधी सांगते कारण दर वर्षी बऱ्याच घरांत हीच होत असणार. गेल्या वर्षी गटारी 24 जुलैला होती, दादाने ती जोरात केली आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा म्हणून एकदम बंद. आई खूश, देवापुढे साखर ठेवली. शुक्रवारी घाम आणि थरथर, शनिवारी रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आम्हाला वाटलं शरीर साफ होतंय. रविवारी रात्री वहिनीचा फोन, ताई लवकर या हे चादरीवरून काहीतरी वेचतायत. मी पोचले तर दादा पलंगावर बसून चिमटीने एकेक मुंगी उचलून वाटीत टाकत होता. मुंगी एकही नव्हती. वाटी रिकामी, आणि तो मला म्हणतो, झाकण आण गं, बाहेर येतायत.

गल्लीतले डॉक्टर आले, अशक्तपणा आहे म्हणून ग्लुकोजची बाटली लावायला निघाले होते. नशिबाने त्यांना शीर सापडेना, दादा हात झटकत होता, मग रिक्षा करून सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला नेलं. तिथल्या डॉक्टर मुलीने, फार तर सव्वीस वर्षांची असेल, पहिला प्रश्न विचारला शेवटची दारू कधी आणि दुसरा ग्लुकोज लावलंय का. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-वन म्हणजे थायमिन संपलेलं असतं, ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला धोका, म्हणून थायमिनचं इंजेक्शन आधी. मग लोराझेपाम, थरथर आणि भ्रम शांत करणारं. तिने सांगितलं की रोजची दारू अचानक थांबवली की साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत हे असं भ्रम, ताप, बडबड सुरू होतं, याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. म्हणजे आम्ही तीन दिवस देवाचे आभार मानत त्याला मारायलाच निघालो होतो. सहा दिवस ऍडमिट. रोज पिणाऱ्या कोणाची दारू घरच्या घरी, डॉक्टरशिवाय, एका दिवसात बंद करू नका, एवढं एक वाचून बाकीचं सोडलंत तरी चालेल.

सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले आत्ता फक्त दारू अंगातून निघालीये, डोक्यातून नाही, सेंटर बघा. आणि इथून माझी शोधाशोध.

मोबाईलवर व्यसनमुक्ती केंद्र नियर मी टाकलं. पहिले तीन-चार नंबर सेंटरचे नव्हतेच, एजंट होते. एक गोड आवाजाचा माणूस म्हणाला मॅडम तुम्ही फक्त पत्ता द्या, आमची गाडी येते, चार पोरं येतात, उचलून नेतात, पेशंटला काही सांगायची गरज नाही. भाव विचारला तर आधी 65 हजार महिना, मी नको म्हटल्यावर फोन ठेवेपर्यंत 30 वर आला. असा कांदे-बटाट्यासारखा उतरणारा भाव ऐकूनच मी तो नंबर ब्लॉक केला. दुसरीकडे प्रत्यक्ष बघायला गेलो, नाव लिहीत नाही, बदलापूरच्या पुढे. बाहेरून बंगला, आत जिन्याला ग्रील आणि ग्रीलला कुलूप. डॉक्टर कोण विचारलं तर व्हिजिटला येतात. कधी येतात? येतात. पहिले 21 दिवस घरच्यांशी फोन नाही. रजिस्ट्रेशन दाखवा म्हटलं तर ट्रस्टचं सर्टिफिकेट पुढे केलं, ते मी मागितलंच नव्हतं.

हे रजिस्ट्रेशन प्रकरण मला नणंदेच्या मुलीने सांगितलं होतं, ती वकिलीचं शिकतेय. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे आजारही धरलेत, त्यामुळे असे पेशंट ठेवून घेणाऱ्या जागेची नोंद राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे लागते. साखळीने बांधायला त्यात सरळ बंदी आहे. पेशंट स्वतः सही करून दाखल झाला तर स्वतः डिस्चार्जही मागू शकतो, आणि त्याच्या मनाविरुद्ध ठेवायचं तर त्याला वेगळी प्रक्रिया आहे, मानसोपचारतज्ज्ञाने तपासावं लागतं, चार पोरं आणि गाडी असं काही त्या कायद्यात नाही. भाचीला त्या दिवशी मनातून साष्टांग नमस्कार घातला.

मग 14446 ला फोन लावला. ही केंद्र सरकारची टोल फ्री हेल्पलाईन, नशामुक्तीचीच. मला वाटलेलं एक दाबा दोन दाबा करत बसायला लागेल पण माणूस बोलला, नीट ऐकून घेतलं आणि सरकारी अनुदानावर चालणारी सेंटर्स असतात, तिथे उपचार मोफत असतात हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. 14416 म्हणून दुसरी आहे, टेली मानस, ती मनाच्या सगळ्याच त्रासांसाठी, तिथे नंतर वहिनी एकदा रात्री बोललीये. याच काळात सोसायटीतल्या एका काकांनी हळूच बाजूला घेऊन सांगितलं की ते स्वतः वीस वर्षांपूर्वी पुण्याला मुक्तांगणमध्ये राहून आलेत, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं ते. वीस वर्षं आम्ही त्यांना गणपतीच्या वर्गणीला भेटतोय आणि कोणाला पत्ता नाही! त्यांनी बांद्र्याच्या कृपा फाउंडेशनचंही नाव दिलं, फादर जो परेरांचं, 1981 पासूनचं. दोन्ही चौकशा केल्या, पण पुणे आईला लांब वाटलं आणि दादा बांद्र्यालाही जायला तयार नव्हता.

तयार झाला तो वेगळ्याच कारणाने. डिस्चार्जनंतर दोन दिवसांनी कामावर गेला आणि मायक्रोमीटर धरता येईना. एका जॉबला तीनदा माप घेतलं, तीन वेगळी मापं. संध्याकाळी घरी येऊन डबाही न उघडता म्हणाला, कुठे जायचंय तिथे सोड. आमच्या रडण्याने पंधरा वर्षांत जे झालं नाही ते त्या मायक्रोमीटरने केलं.

शेवटी खोपोलीच्या बाजूला एक सेंटर मिळालं, 45 दिवस, महिना 18 हजार, औषधं वेगळी. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा, वार ठरलेले. नोंदणीचा कागद मागितल्यावर त्यांना राग आला नाही, भिंतीवरच लावलेला होता. पहाटे साडेपाचला उठवायचे, प्रार्थना, योगा, ग्रुप, मग लिहायला लावायचे, दारूपायी काय काय घालवलं त्याची वही. समुपदेशक स्वतः अकरा वर्षं सोबर असलेला माणूस, त्याला दादा थापा मारू शकायचा नाही कारण त्या सगळ्या थापा त्याने आधीच मारलेल्या. गणपती तिथेच गेले. जेवण बेकार, डाळ म्हणजे पिवळं पाणी, दादा सात किलोने वाढून आला तरी डाळीला अजून नावं ठेवतो. आठवड्याला एक फोन, तोही कोणीतरी शेजारी उभं.

उपचाराला तीन स्टार देते. दोन कापले ते पुढच्यासाठी. डिस्चार्जच्या दिवशी हातात एक झेरॉक्स दिली, त्यावर मीटिंगला जा, औषधं घ्या, काही वाटलं तर फोन करा. फोन दोनदा केला. एकदा उचलला नाही, एकदा म्हणाले परत ऍडमिट करायचंय का. आणि फॉलोअपला या म्हणे, म्हणजे कळव्याहून खोपोली, ट्रेन, मग रिक्षा, एका दिवसाचा खाडा. दोनदा गेला, तिसऱ्यांदा नाही.

इथे माझी चूक कळली. मी शोधताना सगळा जोर ऍडमिशन कुठे यावर लावला होता, जवळ जवळ करत होते. ऍडमिशन लांब असलं तरी काही बिघडत नाही हो, उलट बरंच, ओळखीचं वाइन शॉप नाही. जवळ पाहिजे ते नंतरचं. गोळ्या बघणारी ओपीडी आणि संध्याकाळची मीटिंग, कामावरून येताना चपला न काढता जाता येईल एवढ्या अंतरावर.

ओपीडीसाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय धरलं. हो तेच, ज्याच्यावरून आपल्याकडे 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतात. 1901 पासून उभं आहे आणि तेव्हापासून चेष्टेलाही. आम्ही ठाण्याचेच, आम्हाला कुठे पाठवणार, असं दादा पहिल्या दिवशी लाइनीत म्हणाला आणि पुढचा माणूस हसला, तिथून त्याची भीड गेली. पैसे लागत नाहीत, राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत केलेत, फक्त सकाळ मोडते. लाइनीत दारूवाल्यांइतकीच विशीतली पोरं दिसली, एमडीची म्हणजे मेफेड्रोनची, गर्दची म्हणजे ब्राऊन शुगरची. गर्दवर जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी तरी आहे, एमडीला तशी बदली गोळीच नाही, तिथे समुपदेशन आणि घरच्यांचा दम यावरच सगळं. एका पोराची आई माझ्याकडून 14446 लिहून घेऊन गेली, हाताच्या पंजावर.

डायसल्फिराम या दारूवरच्या गोळीबद्दल थोडं, कारण आमच्याकडे आत्याने लोकलमधली ती चिकटवलेली जाहिरात आणली होती, दारू सोडवा, पेशंटच्या नकळत, भाजीत मिसळा. असल्या पावडरीत काय असतं देव जाणे, पण डायसल्फिराम ही जी खरी गोळी आहे तीही चोरून द्यायची नसते. ती घेऊन वर दारू प्यायली की चेहरा लाल, उलट्या, धडधड, बीपी खाली, एखाद्याच्या हृदयावर बेतू शकतं, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. पेशंटला सांगून, लिव्हर बघून, डॉक्टरच्या हातानेच. दादाला ती दिलीच नाही, ओढ कमी करायला वेगळी गोळी आहे.

मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स ऍनॉनिमस, ए.ए. अमेरिकेत 1935 मध्ये सुरू झालेलं, आमच्या कळव्यात एका शाळेच्या वर्गात बुधवारी आणि शनिवारी. फी नाही, नाव नोंदणी नाही, आडनाव कोणी विचारत नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट, शेवटी एक पिशवी फिरते, त्यात दहा टाका नाहीतर टाकू नका. मोठी माणसं तिसरीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात, फळ्यावर बे चा पाढा. घरच्यांसाठी अल-ऍनॉन वेगळं, वहिनी तिथे जाते, पहिले दोन महिने नुसती रडून यायची, आता परत येताना भाजी घेऊन येते. इकडे एकच तक्रार, मराठी मीटिंगमध्येही पुस्तकातली भाषा जड, दादाला 'उच्चशक्ती' म्हणजे महावितरण वाटलं.

आणि डिसेंबर. घणसोलीला मित्राच्या मुलाची हळद. आपल्याकडची हळद म्हणजे काय ते नवी मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको, लग्नाला माणसं कमी आणि हळदीला डीजेसकट गाव. मी म्हटलं जाऊ नको, वहिनी म्हणाली जाऊ नका, गेला. दोन दिवस प्यायला. तिसऱ्या दिवशी, हे महत्त्वाचं, तो स्वतः शाळेच्या त्या वर्गात जाऊन बसला, कारण ती घराच्या वाटेवर होती. तिथे कोणी लेक्चर दिलं नाही, म्हणाले स्लिप झाली, उद्यापासून परत एक मोजायचा. सकाळी दोघं जण त्याच्याबरोबर ओपीडीला गेले, गोळ्या बदलल्या, यावेळी ना कॅज्युअल्टी ना मुंग्या. हेच खोपोलीला जायचं असतं तर त्याने परत दहा वर्षं काढली असती, मला खात्री आहे.

खर्चाचं एक राहिलं. मेडिक्लेमवर अवलंबून राहू नका. आमचा क्लेम, पहिल्या सहा दिवसांचाही, नाकारला, पॉलिसीच्या अपवादांत दारू आणि व्यसनाचे उपचार छापलेलेच होते, बारीक अक्षरात. हॉस्पिटल 41 हजार, सेंटर औषधांसकट 31, सगळं वहिनीच्या भिशीतून आणि माझ्या एका एफडीतून. त्यानंतरचं सगळं जवळपास फुकट, आणि टिकलंय तेच.

एम्सने केलेला देशाचा सर्वे 2019 मध्ये आला होता, त्यात दारूच्या आहारी गेलेल्या 38 माणसांत एकाला कसलेतरी उपचार मिळतात असं होतं. आमच्या सोसायटीचा हिशेब केला तर खरंच वाटतं, दादा आणि ते काका.

सध्या डिसेंबरपासून चौथा महिना सुरू आहे. मायक्रोमीटर स्थिर आहे, चिडचिड आहे, रात्री गोड खातो, अर्धा किलो जिलेबी एकटा. यंदा अधिक महिना आलाय त्यामुळे गटारी लांबून 12 ऑगस्टला गेलीये, वहिनीने कालनिर्णयवर त्या तारखेला आत्ताच पेनाने गोल करून ठेवलाय. दादाने बघितलं, काही बोलला नाही, मग वार मोजून म्हणाला, बुधवार आहे, मीटिंग असते.